बोलता येते तोवर बोलू या

(चिंतनासाठी : योहान २१:१५-१९ व योहान १९:२३-२७)



नोव्हेंबर महिना आला की आपली दफनभूमी जागी होते. वाढलेले गवत काढले जाते, क्रूसांना रंग लागतो आणि दोन तारखेला कबरींवर फुले व मेणबत्त्या दिसू लागतात. आपण आजी-आजोबांची नावे घेतो, त्यांच्यासाठी मिस्सा सांगतो, लहान मुलांना बोट धरून नेऊन त्यांची जागा दाखवतो. मृतांविषयी बोलायला आपण घाबरत नाही. ही आपल्या श्रद्धेची मोठी देणगी आहे.

परंतु घरातले एखादे वयस्कर माणूस जेवताना सहज म्हणाले, “उद्या मला काही झाले तर...” की आपण त्याला पुढे बोलूच देत नाही. “पप्पा, असे अभद्र बोलू नका. तुम्हाला काही होत नाही.” पप्पा गप्प होतात. आपल्याला वाटते, आपण प्रेमापोटी बोललो. पण त्या दिवशी पप्पांना जे सांगायचे होते, ते बहुतेक वेळा पुन्हा कधी सांगितले जात नाही.

आज आपण ह्याच विषयाचा विचार करू या. आजारपणात मी शुद्धीवर नसेन, मला बोलता येत नसेल, तेव्हा माझ्या उपचाराचे निर्णय कोणी घ्यायचे? आणि माझ्या मनात काय होते हे त्या माणसाला कसे कळायचे?

सरोवराकाठचे संभाषण

पुनरुत्थानानंतर तिबिर्या सरोवराच्या काठी प्रभू येशूने आपल्या शिष्यांना न्याहारी दिली. कोळशाच्या विस्तवावर मासे होते, भाकर होती. खाणे झाल्यावर येशूने पेत्राला प्रेमाविषयी एकच प्रश्न तीनदा विचारला. हा भाग आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच्या लगेच पुढचे वचन मात्र आपण घाईने वाचून जातो. येशू पेत्राला सांगतो की, तरुणपणी तू आपली कंबर आपणच कसत होतास आणि मनाला येईल तिकडे जात होतास. पण म्हातारपणी तू हात पुढे करशील, बांधणारा दुसराच असेल आणि तो तुला तुझी इच्छा नसेल तिकडे नेईल.

पेत्र कोणत्या मरणाने देवाचे गौरव करणार हे सुचवण्यासाठी येशू असे बोलला, असा खुलासा योहान करतो. पेत्र रक्तसाक्षी झाला. आपल्यापैकी बहुतेकांना तसे मरण येणार नाही. तरीही सलाइन लावायला हात पुढे करणाऱ्या, दुसऱ्याने कपडे बदलावेत म्हणून वाट पाहणाऱ्या, स्ट्रेचरवरून नको त्या खोलीत नेल्या जाणाऱ्या प्रत्येक आजाऱ्याला ह्या वचनाचा अर्थ न सांगता कळतो.

येशूने येथे काय केले, हे नीट पाहू या. त्याने मित्राच्या शेवटाचा विषय टाळला नाही. ‘तुला काही होणार नाही’ अशी खोटी समजूत घातली नाही. आधी प्रेमाची विचारपूस केली, मग परावलंबी होण्याचे कठीण सत्य सांगितले आणि शेवटी ‘माझ्या मागे ये’ अशी हाक दिली. प्रेम, सत्य आणि पाचारण हे तिन्ही एकाच बैठकीत झाले, तेही पेत्र धडधाकट असताना. आपल्या घरातही हा विषय असाच निघायला हवा : वेळेवर, प्रेमाने आणि प्रभूच्या साक्षीने.

आपल्या घरात काय घडते?

समजा, एका घरातील अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या वडिलांना मध्यरात्री पक्षाघाताचा झटका येतो. त्यांना इस्पितळात नेले जाते. पहाटे डॉक्टर बाहेर येऊन विचारतात, “मेंदूत मोठा रक्तस्राव झाला आहे. सुधारण्याची आशा फार कमी आहे. व्हेंटिलेटर लावायचा का? येथे सही करा.” मोठा मुलगा म्हणतो, “जे जे करता येईल ते सगळे करा.” मुलगी नर्स आहे, तिला पुढचे दिसते आहे. ती म्हणते, “त्यांना उगाच त्रास नको.” धाकटा आखातात आहे. तो फोनवर रडत सांगतो, “काही कमी करू नका, पैसे मी पाठवतो.” दिवस जातात. बिल वाढत जाते. आईच्या बांगड्या गहाण पडतात. तीन आठवड्यांनी वडील जातात. आयसीयूमध्ये धर्मगुरूंना बोलावायचे कोणाच्या लक्षातच राहत नाही.

महिन्याच्या मिस्सेला तिन्ही भावंडे एकाच देवळात असतात, पण तीन वेगवेगळ्या बाकांवर. “तू पप्पांना मारायला निघाली होतीस,” हे भावाचे वाक्य बहीण विसरू शकत नाही. आणि आपण वडिलांचे हाल केले की काय, ही टोचणी भावाला रात्री झोपू देत नाही.

ह्यात दोष कोणाचा? तिघेही प्रेमाने बोलत होते. प्रश्न एवढाच की तिघेही अंदाजाने बोलत होते. ज्यांच्याविषयी निर्णय होता, त्यांनी अठ्ठ्याहत्तर वर्षांत कधी काही सांगितले नव्हते आणि त्यांना कोणी विचारलेही नव्हते.

आपण जागेचा सातबारा जपून ठेवतो. बँकेच्या खात्याला नॉमिनी लावतो. मृत्युपत्र करून कोणती वाडी कोणाला हे लिहून ठेवतो. मागे राहणाऱ्यांनी भांडू नये म्हणून आपण हे करतो. मग ज्या देहाला प्रेषित पौल पवित्र आत्म्याचे मंदिर म्हणतो, त्या देहाच्या शेवटच्या दिवसांविषयी आपण एक शब्दही का बोलून ठेवत नाही?

ख्रिस्तसभा काय शिकवते?

पुष्कळांच्या मनात एक भीती असते. “व्हेंटिलेटर नको म्हणणे म्हणजे आत्महत्या नाही का? मी ‘नको’ अशी सही केली तर मला पाप लागेल का?” ह्या बाबतीत ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे आणि ती जुनीही आहे. सोळाव्या शतकातील स्पॅनिश ईशज्ञानपंडित फ्रान्सिस्को दे व्हितोरिया ह्यांनीही सांगितले होते की, आजारी माणसावर अत्यंत महागडी औषधे किंवा उत्तमातले उत्तम अन्न मिळवण्याचे बंधन नसते.

आपल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना खड्डे आहेत.

पहिला खड्डा म्हणजे दयामरण. जीवन देवाचे आहे. आपण त्याचे मालक नाही, कारभारी आहोत. म्हणून वेदना संपवायच्या ह्या सबबीखाली इंजेक्शन देऊन माणसाचे जीवन संपवणे किंवा त्याने मरावे ह्याच हेतूने त्याची आवश्यक सेवा थांबवणे, हे कधीही योग्य नाही. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९९५ साली ‘जीवनाचे शुभवर्तमान’ ह्या परिपत्रात हे ठामपणे सांगितले.

दुसरा खड्डा म्हणजे मरण नाकारणे. काहीही झाले तरी, कितीही हाल झाले तरी, देह यंत्रांवर चालू ठेवायचाच हा हट्ट. ख्रिस्तसभा असा हट्ट आपल्यावर लादत नाही. त्याच १९९५च्या परिपत्रात म्हटले आहे की, प्रमाणाबाहेरचे उपचार नाकारणे म्हणजे आत्महत्या नव्हे. माणूस मर्त्य आहे ह्या सत्याचा तो स्वीकार आहे. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथातही (क्र. २२७८) हीच शिकवण आहे. जे उपचार अतिशय भाररूप, धोकादायक किंवा अपेक्षित फळाच्या मानाने अवाजवी आहेत, ते थांबवता येतात. अशा वेळी मरण घडवून आणण्याचा आपला हेतू नसतो. ते टाळणे आपल्या हाती नाही, एवढेच आपण मान्य करतो. पोप फ्रान्सिस ह्यांनीही नोव्हेंबर २०१७ मध्ये डॉक्टरांच्या एका परिषदेला पाठवलेल्या संदेशात हाच फरक पुन्हा समजावून सांगितला.

मग उपचार वाजवी की अवाजवी हे ठरवायचे कसे? दोन प्रश्न विचारावेत. ह्या उपचाराने ह्या आजाऱ्याला खरोखर किती लाभ होईल? आणि त्याचा भार, म्हणजे वेदना, धोका, खर्च, घरच्यांवरचा ताण, किती असेल? एकच डायलिसिस एका माणसाला पुढची दहा वर्षे कामावर पाठवते, तर दुसऱ्या, मरणाच्या दारात असलेल्या माणसाला केवळ दोन दिवसांचा आणखी त्रास देते. यंत्र तेच, निर्णय मात्र वेगळा. वय हा येथे निकष नाही. ऐंशीव्या वर्षीही मोतीबिंदूची किंवा मोडलेल्या हाडाची शस्त्रक्रिया करणे योग्यच असते. “आता काय करायचे आहे एवढे, वय झाले,” असे म्हणून म्हाताऱ्या माणसाचे साधे उपचार टाळणे हा अन्याय आहे.

येथे पोप पायस बारावे ह्यांची एक शिकवण फार मोलाची आहे. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञ डॉक्टरांशी बोलताना त्यांनी सांगितले की, बेशुद्ध रुग्णाच्या बाबतीत कुटुंबाचे हक्क आणि कर्तव्ये ही सामान्यतः त्या रुग्णाच्या गृहीत धरलेल्या इच्छेवर अवलंबून असतात. म्हणजे मुलांनी विचारायचा प्रश्न ‘मला काय वाटते?’ हा नाही. ‘पप्पांना काय हवे असते?’ हा आहे. बंधू-भगिनींनो, ती इच्छा मुलांना माहीत असेल तरच ह्या प्रश्नाचे उत्तर त्यांना देता येईल. म्हणूनच आधी बोलून ठेवणे हे आईवडिलांचे कर्तव्य ठरते.

उपचार थांबतील, सेवा थांबणार नाही

आपल्या मुंबईतलेच एक उदाहरण आहे. के. ई. एम. इस्पितळातील परिचारिका अरुणा शानबाग ह्यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये निर्घृण हल्ला झाला. मेंदूला झालेल्या इजेमुळे त्या पुन्हा कधी सावरल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. ह्या एक्केचाळीसहून अधिक वर्षांत त्यांच्या इस्पितळातील परिचारिकांनी त्यांना भरवले, न्हाऊ-माखू घातले, कूस बदलली. ज्यांनी त्यांना कधी धडधाकट पाहिलेही नव्हते, अशा पुढच्या पिढीच्या परिचारिकांनी ही सेवा वारशासारखी स्वीकारली. त्यांचे अन्न बंद करावे ही मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा ह्या परिचारिकांनी तिला विरोध केला. मार्च २०११ मध्ये न्यायालयाने ती मागणी फेटाळली आणि परिचारिकांच्या सेवेचा गौरव केला.

ह्या परिचारिका वेगवेगळ्या धर्मांच्या होत्या. पण जखमी माणसाला ओलांडून न जाणाऱ्या त्या शोमरोनी माणसाचे मन त्यांच्याजवळ होते. अरुणाताई मरणासन्न नव्हत्या, त्या जगत होत्या. अशा माणसाला अन्न-पाणी देणे ही साधी मानवी सेवा आहे, असे पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी मार्च २००४ मध्ये स्पष्ट केले. नळीने द्यावे लागले तरीही, जोवर ते शरीराला लागू पडते, पोषण करते, तोवर अन्न-पाणी सामान्यतः दिलेच पाहिजे. मरण अगदी जवळ आले आणि शरीर अन्न-पाणी स्वीकारेनासे झाले, किंवा त्याचाच त्रास होऊ लागला, तर गोष्ट वेगळी.

वेदनेविषयीही मनात संभ्रम नसावा. दुःख प्रभूच्या दुःखाशी जोडणे ही मोठी कृपा आहे, परंतु वेदनाशामक औषध घेणे म्हणजे श्रद्धा कमी असणे नव्हे. औषधाने वेदना कमी करणे ख्रिस्तसभेला मान्य आहे. त्यामुळे आयुष्य थोडे कमी होण्याचा संभव असला, पण तो हेतू नसला, तरी ते औषध घेता येते.

२०२० साली व्हॅटिकनने ‘चांगला शोमरोनी’ ह्या अर्थाच्या नावाने एक पत्र प्रसिद्ध केले. आजार बरा होण्यासारखा नसला म्हणून सेवा संपत नाही, हा त्याचा गाभा आहे. वांद्र्याचे ‘शांती आवेदना सदन’ १९८६ पासून हेच करीत आले आहे. भारतातले हे अशा प्रकारचे पहिले शुश्रूषागृह. बरे न होणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णांची तेथे विनामूल्य सेवा होते. डॉक्टरांनी ‘आता काही करण्यासारखे नाही’ असे सांगितल्यावरही करण्यासारखे पुष्कळ असते : वेदना शमवणे, जखम धुणे, ओठ ओले करणे, हात धरून बसणे, प्रार्थना करणे.

ही सगळी शिकवण पोप जॉन पॉल दुसरे स्वतः जगले. फेब्रुवारी २००५ मध्ये श्वासासाठी त्यांच्या घशाला छिद्र पाडण्याची शस्त्रक्रिया झाली. ती त्यांनी स्वीकारली. मार्चअखेरीस नाकातील नळीने अन्न देण्यात आले. तेही स्वीकारले. पण ३१ मार्चला जंतुसंसर्गाने प्रकृती एकदम ढासळली, तेव्हा ते पुन्हा इस्पितळात गेले नाहीत. व्हॅटिकनमधील आपल्या खोलीतच राहिले. तेथे उपचार चालू होते, भोवती प्रार्थना चालू होती. २ एप्रिल २००५ रोजी रात्री ते पित्याच्या घरी गेले. कधी ‘हो’ म्हणायचे आणि कधी ‘आता पुरे’ म्हणायचे, हे त्यांनी जगाला दाखवले.

आज काय करावे?

१. माणूस निवडा. मला बोलता येणार नाही तेव्हा माझ्या वतीने कोण बोलेल? तो सर्वांत थोरलाच असावा असे नाही. तो धीराचा असावा, माझी श्रद्धा जाणणारा असावा आणि डॉक्टरांना चार प्रश्न विचारू शकणारा असावा. त्याला विचारा, त्याची संमती घ्या. आणि हे सर्व भावंडांना एकत्र बसवून सांगा. एकालाच गुपचूप सांगितले, तर पुढे इतरांना ते खरे वाटणार नाही. ज्यांचे लग्न झालेले नाही, ज्यांची मुले परदेशात आहेत, जे एकटे राहतात, त्यांनी तर भाचा, पुतणी किंवा विश्वासू शेजारी आजच निवडावा.

२. मन मोकळे करा. शेवट जवळ आला आहे हे डॉक्टरांनी निश्चित सांगितल्यावर मला घरी राहायचे आहे का? बरे होण्याची आशा नसताना छाती दाबून हृदय पुन्हा सुरू करावे का? मला कशाची सर्वांत जास्त भीती वाटते? वेदनेची, एकटेपणाची, की घर कर्जात बुडण्याची? उत्तरे पाठ करून द्यायची नाहीत. दर वर्षी, दर आजारपणानंतर ती बदलूही शकतात.

३. संस्कारांची इच्छा सांगून ठेवा. रुग्णाभ्यंग हा केवळ शेवटच्या श्वासाचा संस्कार नाही. गंभीर आजारात, मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी किंवा वृद्धापकाळी दुर्बलता वाढल्यावर तो घेता येतो आणि प्रकृती अधिक बिघडली तर पुन्हाही घेता येतो. पापनिवेदन करायला बोलता यावे लागते, पवित्र कम्युनियन घ्यायला गिळता यावे लागते. म्हणून शुद्ध हरपेपर्यंत थांबू नका. घरच्यांना सांगून ठेवा : “मला इस्पितळात नेले की फादरांना त्याच दिवशी कळवा.” फादरांना पाहून आजारी घाबरेल ही भीती बहुतेक वेळा आजाऱ्याची नसते, आपलीच असते.

४. लिहून ठेवा. आपल्या देशात आता ह्याला कायद्याचा आधार आहे. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने असे आगाऊ इच्छापत्र, म्हणजेच ‘लिव्हिंग विल’, मान्य केले. त्याची पद्धत फार किचकट होती. ती २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने सोपी करण्यात आली. अठरा वर्षांवरील, विचार करण्यास समर्थ असलेली कोणतीही व्यक्ती स्वेच्छेने असे पत्र करू शकते. त्यात आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या नातलगांची किंवा पालकांची नावे लिहावी लागतात. दोन साक्षीदारांसमोर सही करावी लागते आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घ्यावे लागते. एक प्रत नेमलेल्या नातलगांना, एक आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना आणि एक महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या संबंधित अधिकाऱ्याकडे द्यावी. मे २०२४ मध्ये गोव्यात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक ह्यांनी आपले असे पत्र नोंदवून इतरांपुढे उदाहरण ठेवले. मन बदलले तर हे पत्र केव्हाही लेखी रद्द करता येते.

हे पत्र केल्याने कोणी आपले उपचार उद्यापासून बंद करील, असे समजू नका. आपली निर्णयशक्ती गेली असेल आणि बरे होण्याची आशा उरली नसेल तेव्हाच त्याचा प्रश्न येतो. त्या वेळीही इस्पितळातील तज्ज्ञांची एक आणि नंतर दुसरी अशा दोन समित्या तपासणी करतात.

मात्र कॅथलिक म्हणून एक काळजी घ्यावी. कायदा ज्याला परवानगी देतो ते सारेच ख्रिस्तसभेच्या शिकवणीत बसते असे नाही. तयार छापील नमुन्यावर डोळे मिटून सही करू नका. आपल्या पत्रात साध्या शब्दांत लिहा : माझे आयुष्य मुद्दाम संपवणारे काहीही करू नये, अन्न-पाणी शरीराला लागू पडते तोवर द्यावे, वेदना शमवाव्यात, आशा नसताना केवळ मरण लांबवणारे उपचार करू नयेत, धर्मगुरूंना बोलवावे. शंका असेल तर आपल्या डॉक्टरांशी आणि धर्मगुरूंशी बोलून घ्या.

आणि ज्यांच्याकडून पत्र होणार नाही, त्यांनी निदान बोलावे. जेवणाच्या टेबलावर सर्वांसमक्ष स्पष्टपणे बोललेले शब्दही संकटाच्या रात्री मुलांना मोठा आधार देतात.

मुलांना दोन शब्द

तरुणांनो, तुमचे आईवडील हा विषय काढतील तेव्हा त्यांना थांबवू नका. खुर्ची ओढून जवळ बसा. आणि शब्दांमागचे मनही ऐका. कधी कधी “मला आता काही उपचार नकोत” ह्याचा खरा अर्थ “मी तुम्हाला जड झालो का?” असा असतो. त्या प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहून घ्यायचे नसते. आधी त्यांचा हात हातात घ्यायचा असतो. ज्या घरात म्हातारे माणूस ओझे वाटते, त्या घरातले इच्छापत्र हे खरे इच्छापत्रच नव्हे. जेथे त्याला ‘तुम्ही आम्हाला हवे आहात’ हे रोज कळते, तेथेच ते मोकळेपणाने म्हणू शकते, “माझी वेळ आली की मला जाऊ द्या.”

क्रुसाजवळ

शेवटी आपण कालवारीवर जाऊ या. योहानाच्या शुभवर्तमानात एक क्रम आहे, तो ध्यानात घ्या. आधी शिपाई येशूचे कपडे वाटून घेतात आणि त्याच्या विणलेल्या झग्यावर चिठ्ठ्या टाकतात. येशूजवळ जी काही मालमत्ता होती ती तेवढीच, आणि तीही त्याच्या डोळ्यांदेखत गेली. वाटून द्यायला त्याच्याकडे काही उरले नाही. त्यानंतर लगेच त्याची नजर आईकडे आणि आवडत्या शिष्याकडे जाते. श्वास घेणे कठीण झाले असताना तो आईला शिष्याच्या हाती आणि शिष्याला आईच्या हाती सोपवतो. शिष्य तिला आपल्या घरी नेतो. आपल्यामागे कोणी कोणाचे पाहायचे, हे क्रुसावरूनही येशूने अंदाजावर सोडले नाही. ही व्यवस्था झाल्यावरच, आता सर्व पूर्ण झाले हे तो जाणतो.

वस्तूंची वाटणी शिपाईसुद्धा करू शकतात. माणसांना एकमेकांच्या हाती सोपवणे हे मात्र ज्याचे त्यालाच करावे लागते, आणि तोंडाने बोलून करावे लागते. ह्या नोव्हेंबरमध्ये आपल्या मृतांच्या कबरीवर मेणबत्ती लावून घरी परताल, तेव्हा त्या रात्री रोझरीनंतर टीव्ही लावू नका. दहा मिनिटे एकमेकांशी बोला. मरणाला बोलावण्यासाठी नव्हे. मरण त्याच्या वेळी येईलच. ते येईल तेव्हा आपल्या मुलांनी एकाच बाकावर बसून आपल्यासाठी मिस्सा ऐकावी, एवढ्यासाठी.

घरी आणि समूहात चर्चेसाठी

१. मला बोलता आले नाही तर माझ्या वतीने कोणी बोलावे? हे मी त्या व्यक्तीला सांगितले आहे का?
२. माझ्या आईवडिलांच्या शेवटच्या इच्छा मला ठाऊक आहेत, की मी अंदाज करतो?
३. आपल्या समूहात अंथरुणाला खिळलेले कोण आहेत? त्यांना ह्या महिन्यात कोण भेटणार? त्यांना पवित्र कम्युनियन मिळते का?

प्रार्थना

हे प्रभू येशू, सरोवराकाठी तू पेत्राला त्याच्या शेवटाविषयी सांगितलेस आणि तरी त्याला आपल्यामागे यायला बोलावलेस. आमचे हात थकतील आणि दुसरे कोणी आम्हाला उचलून नेईल, त्या दिवसासाठी आजच आमची मने तयार कर. मनातले बोलण्याचे धैर्य आईवडिलांना दे, ऐकण्याचा धीर मुलांना दे. डॉक्टरांना व परिचारिकांना शहाणपण आणि दयाळू हात दे. जे आज एकटे, वेदनेत आणि न बोलता पडून आहेत, त्यांच्या उशाशी तू स्वतः बस. संत योसेफा, सुमरणाच्या आश्रयदात्या, तुला जशी येशू व मरियेची सोबत लाभली असे आम्ही श्रद्धेने मानतो, तशी सोबत आम्हालाही लाभावी म्हणून आमच्यासाठी विनंती कर. आमेन.